करंगळीचा दिवस

हेडमाळ्याने कटरची धार गवतावर टेकवली आणि पुन्हा उचलली.

गोल्फच्या मैदानावरचा हा शेवटचा टप्पा, म्हणजे शेवटचा होल. त्याच्या ग्रीनवर, झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दव जसंच्या तसं होतं. त्याच्या बुटांचे ठसे तेवढे काठापासून इथवर आले होते. इथवर म्हणजे पुढच्या डाव्या अंगाला, जिथे आज कप यायला हवा होता. समोर तळ्याचा एक हात आत घुसलेला, एका बाजूने ग्रीनच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत वळलेला, आणि पाण्यापलीकडे टी, म्हणजे फटका मारायची उंचवट्याची जागा, धुक्यात निम्मी बुडालेली. तळ्यातली बदकं अजून उठली नव्हती.

कप म्हणजे ग्रीनमधलं वाटीएवढं भोक. चेंडू शेवटी पडायचा तो त्यात. एकाच जागी ठेवला तर भोवतालचं गवत खेळणाऱ्यांच्या पायांखाली मरून जातं, म्हणून तो रोज हलवायचा, म्हणजे कटरने नव्या जागी भोक काढायचं आणि जुनं बुजवायचं. कुठे हलवायचा ते हेडमाळ्याच्या आधीचा हेडमाळी, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, हाताच्या बोटांवर शिकवून गेला होता. करंगळी म्हणजे, टीवरून पाहता, पुढचा डावा कोपरा. अंगठीचं बोट, मागचा उजवा. मधलं बोट, मध्य. मग खुणेचं बोट, मग अंगठा, आणि अंगठ्यानंतर पुन्हा करंगळी. तळ्याकाठच्या त्या जुन्या मैदानावर झाडं उन्मळून पडली, क्लबाचं छप्पर दोनदा बदललं, सेक्रेटरी किती आले नि गेले; बोटांचा फेर मात्र कधी चुकला नव्हता.

आज करंगळीचा दिवस होता.

"काय झालं? दगड लागला?" गवत कापायच्या गाडीवरून ढगोबाने विचारलं. हा त्याचा जुना सहकारी. उठल्यापासून झोपेपर्यंत पावसाचं भाकीत करायचा, म्हणून त्याचं बारशाचं नाव लोक विसरून गेले होते.

"नाही."

"मग पाऊस येणार. कटर अडला की पाऊस येतो."

"तुझ्या मते मांजर शिंकलं तरी पाऊस येतो."

"येतोच. तू मांजराकडे लक्ष देत नाहीस, म्हणून तुला कळत नाही."

गाडी निघून गेली. हेडमाळी कटर हातात धरून तसाच उभा राहिला. काल संध्याकाळी सेक्रेटरीसाहेब व्हरांड्यात भेटले होते. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांशी थट्टेने बोलायची सवय एवढीच. "काय हेडमाळी, उद्या कप तुम्हीच काढणार ना? बघा हं, घरच्या माणसाला झुकतं माप नको!" असं म्हणून खांद्यावर थाप मारून ते आत गेले. शेजारी दोन सभासद उभे होते. ते हसले. नुसते हसले, पण ते हसणं हेडमाळ्याच्या सदऱ्यात गवताच्या कुसळासारखं अडकून बसलं होतं, आणि रात्रभर कूस बदलली तरी टोचत होतं.

कारण आज स्पर्धेत त्याची मुलगी खेळणार होती.

तिला खारू म्हणत. चालायला लागली तशी झाडावर चढायला लागली, तेव्हा पडलेलं नाव. नोकरवर्गाच्या मुलांना मैदानावर खेळू द्यावं असा क्लबाचा फार जुना ठराव होता. कुणी रद्द केला नाही, कारण कुणाची मुलं येतच नव्हती. खारू आली. टाकून दिलेल्या काठ्यांवर शिकली, आणि आता बायकांच्या स्पर्धेत तिचं नाव पहिल्या फळीत असायचं. शनिवार-रविवार अशी दोन दिवसांची स्पर्धा होती, कमी फटक्यांत संपवेल ती जिंकणार. जी जिंकेल ती क्लबातर्फे मोठ्या स्पर्धांना जाणार होती. घरात ठरलं होतं ते असं: जिंकली तर आणखी एक वर्ष खेळायचं. नाही जिंकली तर दुसऱ्या गावातल्या औषधांच्या कंपनीत सोमवारी हजर व्हायचं आणि काठ्या माळ्यावर टाकायच्या. आईने तिला एक वर्ष आधीच दिलेलं होतं. दुसरं फुकट मिळणार नव्हतं.

खारूचा चेंडू हवेत डावीकडे वळतो हे त्याला जसं ठाऊक होतं, तसं सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. पुढचा डावा कप म्हणजे तिला ताटात वाढून दिल्यासारखं. लोक काय म्हणतील? करंगळीचा दिवस होता हे कुणाला सांगत बसणार?

त्याने कटर खांद्यावर टाकला, ग्रीन ओलांडून मागच्या उजव्या कोपऱ्यात गेला आणि पाण्याच्या कडेशी कप काढला. दांडा फिरवताना हात जरा जास्तच जोरात फिरला. मातीचा गोल गठ्ठा वर आला तो त्याने जुन्या भोकात बसवला, पायाने दाबला, वर झारीने पाणी घातलं. झेंडा रोवला. मग मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी तो ग्रीनच्या डाव्या बाजूच्या थोरल्या झाडाआड उभा होता. त्याचं खोड दोघांच्या कवेत मावत नसे. मुलगी या होलवर आली की तो नेहमी इथेच उभा राहायचा, हातात वाळू सारखी करायचं दाताळं घेऊन. आपण दिसलो तर कुणाला वाटायचं बाप खुणा करतोय.

खारू आणि वकीलबाई बरोबरीत होत्या. वकीलबाई म्हणजे गेली कित्येक वर्षं ही स्पर्धा जिंकणारी बाई. कोर्टात जशी तशीच इथे, घाई नाही आणि सोडणं नाही. तिचा चेंडू उजवीकडे झुकायचा. तिने मधोमध नेम धरला, चेंडू सावकाश झुकला आणि झेंड्याच्या बाजूला जाऊन बसला. मागचा उजवा कोपरा जणू तिच्यासाठीच राखून ठेवलेला होता. हेडमाळ्याच्या हे आत्ता लक्षात आलं. मुलीला अवघड जाईल एवढंच त्याने सकाळी पाहिलं होतं. दुसरीला सोपं जाईल हे पाहायचं राहून गेलं होतं.

मग खारू टीवर आली. तिने झेंड्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. मध्यावर मारायची अक्कल तिला नव्हती असं नाही, पण तिने नेम धरला तो उजवीकडे, थेट पाण्यावर. तिथून चेंडू वळवून कोपऱ्यात आणायचा तिचा विचार असावा. चेंडू वळला, पण उशिरा वळला. बदकांनी ओरडून ते सगळ्यांना सांगितलं.

दिवस संपला तेव्हा ती दोन फटक्यांनी मागे होती.

*

घरी जेवायला अवकाश होता. खारूने पिशवीतून एक काठी आणि एक चेंडू काढला आणि बापाला म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"चला तर."

मैदान रिकामं झालं होतं. ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलेलं. ती त्याला तळ्याला वळसा घालून टीवर घेऊन आली. तिथलं गवत त्यानेच इतकी वर्षं कापलं होतं, पण कापताना मान खाली असते. समोर पाहायला तो इथे कधी उभा राहिला नव्हता.

तिने चेंडू ठेवला आणि काठी त्याच्या हातात दिली. "मारा."

"मी? अगं, या हाताला फावड्याची सवय."

"फावडं समजून मारा."

त्याने आजूबाजूला पाहिलं, टोपी मागे सारली आणि मारलं. चेंडू गवताला घासत गेला, पाण्यावर एक उडी घेतली आणि बुडाला. एक बदक उडून दुसऱ्या बदकाशेजारी जाऊन बसलं आणि तक्रार करू लागलं. खारूला हसू आलं. तिने ते आवरलं.

"माझा याच्यापेक्षा लांब गेला होता," ती म्हणाली.

"तू माझ्यावर गेली नाहीस, ते बरं झालं."

मग ती हसली नाही. तिने त्याचा हात हातात घेतला. लहानपणी ती एक ते पाच मोजायला याच हातावर शिकली होती. एकऐवजी 'पुढचा डावा' म्हणायची. तिने त्याची करंगळी धरली.

"आज हिचा दिवस होता ना?"

हेडमाळी पाण्याकडे बघत राहिला.

"होता की नव्हता?"

"लोक बोलले असते, खारू."

"कोण लोक?"

"लोक म्हणजे... लोक."

"कोण कोण ते तरी सांगा."

त्याने आठवून पाहिलं. सेक्रेटरीसाहेब, आणि ते दोघं हसणारे. त्यांचे चेहरेसुद्धा आता नीट आठवेनात.

"चेंडू मी बुडवला," खारू म्हणाली. "रागाने मारला म्हणून बुडाला. मध्यावर मारला असता तर भागलं असतं. ते माझं माझ्यापाशी. आणि त्या कोपऱ्याला मी घाबरत नाही, तेही ध्यानात ठेवा. पण बाबा, सकाळपासून मी सगळं मैदान चालून इथवर आले, समोर पाहिलं, तर मला झेंडा दिसलाच नाही. तुमची पाठ दिसली."

त्याने समोर पाहिलं. झेंडा तिथेच होता, कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला. संध्याकाळच्या वाऱ्यात त्याचं कापड पलीकडे वळलं होतं. घरातला माणूस रस्त्यात भेटावा आणि त्याने ओळख न दाखवता तोंड फिरवून निघून जावं, तसा दिसत होता.

"मग उद्या काय करू?" त्याने विचारलं.

"मी जन्मलेच नाही असं समजा, आणि मग काढा कप."

ती काठी घेऊन पुढे चालू लागली. तो मागून. वाटेत दोघांनी बदकांबद्दल थोडं बोलून घेतलं.

खारूची आई क्लबाच्या टॉवेलखोलीत काम करायची. तिथे नुसते टॉवेल येत नसत, सगळ्या मैदानाच्या बातम्या येत. त्यामुळे तिला काही सांगायला लागलं नाही. तिने ताट नवऱ्यापुढे जरा जोरात ठेवलं.

"लोकांची मुलं परक्यांकडून मार खातात," ती म्हणाली. "आमची घरातच सोय आहे."

"अगं, मी प्रामाणिकपणे..."

"तो प्रामाणिकपणा काय चाटायचाय? फेर मोडला तुम्ही. वस्ताद असते तर कटर काढून घेतला असता हातातून."

हे मात्र खरं होतं. त्याने जेवण संपवलं. मग म्हणाला, "ती म्हणते, मी जन्मलेच नाही असं समजा."

"समजा की," बायको भांडी उचलत म्हणाली. "जन्माला तिला मी घातली आहे. नऊ महिने मी वागवली. तुम्हाला समजायला काय जातंय?"

*

रविवारी तो आणखी लवकर गेला. ग्रीनवर मधोमध उभा राहिला आणि समजू लागला.

खारू नाही. खारू कधी नव्हतीच. ठीक. मग त्या थोरल्या झाडाखाली ढकलगाडीत पोत्यावर कोण झोपायचं? तिथून ती गाडी काढावी लागेल. वाळूच्या खड्ड्यात खोपा करून बसलेलं ते पोर आणि त्याला ओरडणारे जुने सेक्रेटरी, तेही काढावे लागतील. त्या उतारावर ती पहिल्यांदा धावली आणि पडली, म्हणजे उतार गेला. काठाशी बसून ती बदकांना शिव्या शिकवायची, काठ गेला. असं एकेक काढत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की ग्रीनच शिल्लक राहत नाही. कप काढायचा कशात?

त्याने नाद सोडला. आपला हात डोळ्यांसमोर धरला. गवताच्या रसाने काळी पडलेली पाच बोटं. बोटांना मुलगी नसते. काल करंगळीला डावललं होतं, तिचं देणं बाकी होतं.

ढगोबा गाडी घेऊन आला तेव्हा पुढच्या डाव्या अंगाला झेंडा लागलेला होता.

"काल मागे, आज पुढे," ढगोबा म्हणाला. "पाऊस येणार."

"येऊ दे."

"असं म्हणालास की येत नाही," ढगोबा नाराजीने म्हणाला.

पाऊस आला नाही. दुपारी ग्रीनसमोरचा क्लबाचा व्हरांडा भरला. खेळाडूंच्या आधी धावत येणाऱ्यांबरोबर बातमी येत होती: खारूने एक फटका भरून काढला, आता एकच राहिला. हेडमाळी दाताळं घेऊन झाडाआड गेला. टॉवेलखोलीच्या दारात त्याची बायको एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी घालत उभी होती.

वकीलबाईने मध्यावर मारलं, शहाण्या माणसाने मारावं तसं. खारू टीवर आली, तिने झेंड्याकडे पाहिलं, आणि आज जास्त वेळ लावला नाही. चेंडू झाडाच्या उजवीकडून वर आला, ग्रीनवर आल्यावर डावीकडे वळला आणि झेंड्यापासून दोन पावलांवर पडला. वकीलबाईचे तीन फटके झाले. खारूने एवढासा चेंडू हळूच लोटला. कपाच्या तळाशी पडल्याचा तो टक्क असा आवाज हेडमाळ्याने खोडाला कान लावल्यासारखा ऐकला. दोन.

बरोबरी.

व्हरांड्यात क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळ्यांनाच एकदम आठवलं, आणि माना भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे वळल्या. त्यात वस्ताद ग्रीनवर गुडघा टेकून कप काढतायत आणि मागे टोप्या घातलेल्या लोकांची रांग आहे. क्लब निघाला तेव्हापासूनची ती रीत: बरोबरी झाली तर शेवटचा होल पुन्हा खेळायचा, पण नव्या कपावर, आणि तो कप हेडमाळ्याने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर काढायचा. मध्ये कुणी बोलायचं नाही. फोटोनंतर तशी वेळ आलीच नव्हती.

सेक्रेटरीसाहेबांनी घसा साफ केला. थट्टा करायला आज त्यांना काही सुचेना. "हेडमाळी," ते म्हणाले, "कटर आणा."

तो झाडाआडून बाहेर आला. सगळे आपल्याकडे पाहतायत हे त्याला कातडीला कळत होतं. ढगोबा पळत जाऊन कटर घेऊन आला आणि देताना पुटपुटला, "मध्यावर काढ. मध्यावर काढलास तर कुणाच्या बापाचं काही जात नाही."

"बाप मी आहे," हेडमाळी म्हणाला.

दोघी तळ्याला वळसा घालून टीकडे निघाल्या होत्या. वकीलबाई त्याच्याजवळ थांबली. चष्मा पुसत म्हणाली, "काल कप चुकीच्या दिवशी मागे होता, हेडमाळी. मी इथे बरीच वर्षं खेळते. तुमचा फेर मला पाठ नाही, पण काल पुढे यायला हवा होता एवढं मला कळतं."

त्याने मान खाली घातली.

"मी काल बोलले नाही. मला सोयीचा होता. आपल्या फायद्याची चूक वकील दाखवत नसतो." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "रात्री झोप मात्र लागली नाही. आज माझी सोय बघू नका. तिचीही नको."

"फेर असेल तिथे काढीन," तो म्हणाला.

"मग मिटलं."

खारू बापाजवळून गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "दाताळं तिथेच राहिलंय, झाडापाशी."

"असू दे."

तो ग्रीनवर एकटा उरला. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन असं एकटं उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला प्रथमच कळत होतं. पण गंमत अशी, की त्याला भीती वाटेना. काल ज्यांच्या बोलण्याला तो भ्याला होता, त्यांतलं कुणी काही बोललं नव्हतं. एकीच्या ध्यानात आलं होतं, आणि तिने पाहिलं होतं ते भलतंच: बापाने मुलीला झुकतं माप दिलं हे नव्हे, मुलीचं माप मारलं हे.

त्याने हात पाहिला. करंगळी सकाळी झाली होती. तिच्या शेजारचं, अंगठीचं बोट. मागचा उजवा.

त्याने पुन्हा एकदा पाहिलं, बोट बदलतंय का म्हणून. बोट बदललं नाही.

मध्यावर काढला असता तर खरंच कुणी काही म्हणालं नसतं. पुढचा उजवा काढला असता तरी चाललं असतं. त्याने वर पाहिलं. पाण्यापलीकडे टीवर दोन लहान आकृत्या उभ्या होत्या. त्यांतली एक, त्याची, ग्रीनकडे पाहत नव्हती. ती तळ्याकडे पाठ करून उभी राहिली होती, हात दोन्ही बाजूंना सोडून, लपाछपीत राज्य आलेल्या पोरीसारखी. बाप कुठे काढतो ते तिला बघायचं नव्हतं. त्याला मोकळं सोडण्याची तिची ही रीत असावी. वकीलबाईने तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि तिनेही पाठ फिरवली.

हेडमाळी चालू लागला. मध्य ओलांडला तेव्हा व्हरांड्यात चुळबुळ झाली. तो मागच्या उजव्या कोपऱ्याकडे वळला तेव्हा रीत मोडून कुणीतरी म्हणालंच, "अरे, हा बाप आहे की कोण?" टॉवेलखोलीच्या दारात त्याच्या बायकोने टॉवेल कपाळाला लावला.

कालच्या भोकाचं ठिगळ अजून गोल दिसत होतं. त्याच्यापासून पुरेसं अंतर ठेवून, पाण्याच्या कडेलाच, त्याने गुडघा टेकला. धार गवतावर ठेवली. काल दांडा जोराने फिरवला होता. आज सावकाश फिरवला, भोकाची कड कुठे फाटू नये, चेंडू आला तर अडू नये म्हणून. माती सरळ वर आली. त्याने सकाळच्या भोकातलं कपाचं भांडं काढून तिथे ती बसवली, तळव्याने दाबली, वरचं गवत बोटांनी विंचरलं. परत येऊन ते भांडं नव्या भोकात घातलं, नीट बसलं की नाही ते दोनदा चाचपलं. झेंडा रोवला आणि त्याचं कापड हाताने सोडवून टीच्या दिशेला मोकळं केलं.

मग तो उठला. पाय सवयीने झाडाकडे निघाले. अर्ध्या वाटेत तो थांबला. तिथे सावली नव्हती, आडोसाही नव्हता. ग्रीनच्या कडेचं उघडं गवत होतं. तो तिथेच उभा राहिला, तळ्याकडे तोंड करून, आणि डोक्यावरची टोपी काढली.

सेक्रेटरीसाहेबांनी पांढरा रुमाल हलवला. टीवरच्या दोघी वळल्या.

पहिला फटका खारूचा होता. तिने झेंडा पाहिला. कोपरा तोच होता, पाणी तेच होतं. मग तिची नजर झेंड्यावरून बाजूला सरकली आणि त्याच्यावर येऊन थांबली. एवढ्या लांबून तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. तिने उजव्या हाताने डाव्या हाताचं एक बोट धरलं आणि थोडा वेळ धरून ठेवलं. हातमोजा नीट करत होती, की बोट मोजत होती, ते इथून कळणं शक्य नव्हतं.

तिने पिशवीतून काठी काढली. नेम धरला तो उजवीकडे, थेट पाण्यावर.

व्हरांड्यात कुणीतरी श्वास आत ओढला. चेंडू उठला, झाडांच्या वर गेला, आणि तळ्यावर जिथे वळायला हवा होता तिथे वळू लागला. हेडमाळी टोपी छातीशी धरून उघड्यावर उभा होता, आणि बदकं अजून काही बोललेली नव्हती.